चकाकणारी पण न कापणारी पटाशी: घरी केलेल्या पॉवर स्ट्रॉपचं एक प्रकरण

"काका, बघा कशी चकाकतेय, पण लाकडात शिरतच नाही," असं म्हणत माझ्याकडे कोरीवकाम शिकणाऱ्या मुलीनं १२ मिलिमीटरची गोल पटाशी माझ्या हातात दिली. ती पटाशी दोनच दिवसांपूर्वी मी माझ्या नव्या यंत्रावर, म्हणजे मोटरवर फिरणाऱ्या चामड्याच्या चाकावर, धरली होती. तिचा उतार, म्हणजे धारेकडे तिरकी होत जाणारी बाहेरची बाजू, आरशासारखा झाला होता, खिडकीची चौकट त्यात स्वच्छ दिसत होती. मी मऊ लाकडाचा तुकडा घेतला आणि तंतूंना आडवी खाच मारली. तंतू आधी वाकले, मग फाटले. खाचेच्या तळाशी पांढुरके, लवदार पट्टे उठले. धारदार पटाशीची आडवी खाच मेण लावल्यासारखी तुकतुकीत येते, ही तशी नव्हती.

मग बाकीच्या काढून पाहिल्या. त्या दोन दिवसांत यंत्रावरून गेलेली प्रत्येक गोल पटाशी तशीच निघाली: चमक भरपूर, धार गेलेली. हाताने चामड्याच्या पट्टीवर ओढलेल्या दोन पटाश्या मात्र उत्तम कापत होत्या. म्हणजे दोष लाकडात किंवा पोलादात नव्हता, तो मी बनवलेल्या यंत्रात होता. पुढचे काही दिवस आम्ही दोघांनी तो शोधण्यात घालवले. त्याची ही नोंद मी सविस्तर करतो आहे, कारण घरी असं चाक बनवणाऱ्या बहुतेकांचं पहिलं चाक माझ्यासारखंच असतं.

यंत्र हवं कशाला

दगडावर घासलं की धारेच्या दोन्ही बाजूंना बारीक ओरखडे राहतात आणि कडेवर पातळ पापडी उलटून येते. कारखान्यात तिला 'बर्र' म्हणतात. चामड्यावर बारीक पॉलिश लावून हत्यार ओढलं की ती पापडी निघते आणि ओरखडे पुसट होतात. स्ट्रॉपचं काम एवढंच. धार दगड घडवतो, स्ट्रॉप तिच्यावर शेवटचा हात फिरवतो आणि ती टिकवून धरतो.

कोरीवकामात हा शेवटचा हात सारखा लागतो. पंधरावीस मिनिटं काम केलं की पटाशी पुन्हा पट्टीवर न्यावी लागते. सपाट पटाशी ओढणं सोपं असतं. गोल पटाशीला मात्र प्रत्येक ओढीबरोबर मनगट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वळवावं लागतं, शिवाय आतल्या पन्हळीसाठी, म्हणजे आतल्या खोलगट बाजूसाठी, वेगळी गोल कांडी लागते. हत्यारं दहाबारा असली की माणूस टाळाटाळ करतो. बोथट हत्याराला जोर लावतो, आणि जोर लावलेलं हत्यार निसटलं की ते नेमकं कुठे जाईल सांगता येत नाही. शिकणाऱ्या हातांना धार लावायचा कंटाळा येऊ नये, म्हणून मी मोटरवर चालणारं चाक करायचं ठरवलं.

पहिलं चाक

पाव हॉर्सपॉवरची, मिनिटाला १४४० फेऱ्यांची मोटर माझ्याकडे पडून होती. १८ मिलिमीटरच्या एमडीएफच्या (लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेल्या फळीच्या) दोन तबकड्या एकमेकींवर चिकटवून २०० मिलिमीटर व्यासाचं चाक केलं आणि ते थेट मोटरच्या शाफ्टवर बसवलं. कडेवर ५ मिलिमीटर जाडीचं मऊ चामडं, लवदार बाजू बाहेर ठेवून चिकटवलं. चाक फिरतं ठेवून हिरव्या पॉलिशची वडी टेकवली. त्या वडीतला हिरवा रंग क्रोमियम ऑक्साइडचा. तो मेणात कालवलेला असतो, घर्षणाच्या उष्णतेने मेण वितळतं आणि भुकटी चामड्यात बसते.

एक गोष्ट मी पहिल्यापासून बरोबर केली होती, ती म्हणजे फिरण्याची दिशा. स्ट्रॉपचं चाक वरच्या बाजूला आपल्यापासून लांब पळायला हवं, म्हणजे चामडं उताराच्या टाचेकडून, म्हणजे मुठीकडच्या टोकाकडून, येतं आणि धारेवरून निघून जातं. उलटं फिरलं तर धार चामड्यात रुतते आणि हत्यार हातातून फेकलं जातं. नेहमीचा ग्राइंडर आपल्याकडे फिरतो, म्हणून त्यावर चामड्याचं चाक लावणाऱ्याने सगळं यंत्रच टेबलावर उलट तोंडाने ठेवावं आणि मागच्या बाजूने काम करावं. वायर बदलून मोटर उलटी फिरवायच्या फंदात पडू नये. ग्राइंडरच्या डाव्या शाफ्टचे आटे डावे, म्हणजे नेहमीच्या उलट दिशेचे, असतात, ते अशासाठी की फिरण्याच्या ओढीने दोन्ही नट आवळतच जावेत. दिशा बदलली की तेच नट सैल होऊ लागतात.

तपास

माझा पहिला संशय वडीवर होता. बाजारातल्या हिरव्या वड्यांमध्ये नुसतं क्रोमियम ऑक्साइड असतंच असं नाही, बऱ्याच वड्यांमध्ये त्यापेक्षा भरड ॲल्युमिनियम ऑक्साइडही मिसळलेलं असतं. चामडं ब्रशने घासून साफ केलं आणि वेगळी वडी लावली. फरक शून्य.

मग दिवा घेऊन बसलो. खरोखर धारदार कड प्रकाश परत फेकत नाही, कारण परत फेकायला तिथे पृष्ठभागच नसतो. आमच्या पटाशीच्या कडेवर पांढरी, सलग, केसाएवढी रेघ दिसत होती. मुलगी म्हणाली, "ही रेघ तर सगळीकडे सारखी आहे, कुठे खड्डा नाही." तिचं निरीक्षण महत्त्वाचं होतं. धार लागून तुटली असती तर रेघ तुटक दिसली असती. सलग रेघेचा अर्थ कड सगळीकडून सारखी गोल झाली आहे.

कड गोल कशी होते, हे मला वाचून माहीत होतं, पण प्रत्यक्ष पाहिलं ते त्या दिवशी. चाक बंद ठेवून, मोटरची पिन काढून, मी पटाशी नेहमी देतो तेवढा दाब देऊन चामड्यावर टेकवली आणि तिला बाजूने बघायला सांगितलं. उताराखाली चामडं जवळजवळ दीड मिलिमीटर दबलं होतं आणि धार संपली त्याच्या लगेच पुढे ते उशीसारखं फुगून वर आलं होतं. म्हणजे चामडं धारेला खालून घासून थांबत नव्हतं, पुढे उसळून तिला पुढूनही घासत होतं. चाक फिरत असताना हे अखंड चालू राहतं.

खात्रीसाठी मार्कर वापरला. दुसऱ्या पटाशीचा उतार काळा केला, आणि मुलीने सुचवलं म्हणून आतली पन्हळही काळी केली. चाकावर फक्त उतार टेकवला, तोही क्षणभर. उतारावरची शाई पुसली जाणारच होती. पण पन्हळीच्या आत, धारेलगत, शाईची एक बारीक पट्टीही गेली होती. ज्या बाजूला चाक लागलंच नाही असं मी समजत होतो, तिथपर्यंत चामड्याची लव पोचली होती. "म्हणजे ते धारेला गुंडाळतंय," ती म्हणाली. मला तेवढं नेमकं वाक्य सुचलं नसतं.

मग प्रश्न आला: हाताच्या पट्टीवर हाच प्रकार का होत नाही? तिथेही चामडंच आहे. एक कारण उघड आहे, ते चामडं पातळ आहे आणि लाकडावर पक्कं चिकटवलेलं आहे. दुसरं कारण कोनाचं. पट्टी सपाट असते, म्हणून उतार एकदा टेकला की ओढ संपेपर्यंत कोन तोच राहतो. चाकावर कोन हा पटाशी कुठे टेकली यावर ठरतो. २०० मिलिमीटरच्या चाकाचा परीघ ६२८ मिलिमीटर, म्हणजे एका अंशाला पावणेदोन मिलिमीटर. मुठीचा तिरकेपणा तोच ठेवून टेकण्याची जागा फक्त पावणेनऊ मिलिमीटर आपल्याकडे सरकली, तर कोन ५ अंशांनी वाढतो. २५ अंशांच्या धारेला ३० अंशांनी घासलं जातं, तेही नेमकं टोकावर. आणि जागा आपल्याकडेच सरकते, कारण चाक हत्याराला पुढे ओढतं आणि आपण नकळत मागे खेचतो. गोल पटाशी वळवताना तर हे हटकून होतं. चाक जितकं लहान, तितकी ही चूक मोठी. १५० मिलिमीटरच्या चाकावर साडेसहा मिलिमीटर सरकलं तरी तेच ५ अंश.

निळा कोपरा

इथवर मला वाटत होतं की दोष सापडला. पण एक पटाशी, ६ मिलिमीटरची, दगडावर नव्याने धार लावल्यावरही दहा मिनिटांत एका कोपऱ्याला बोथट व्हायची. तिचा उतार स्वच्छ, पांढरा होता. मुलीने ती उजेडात तिरकी धरली तेव्हा पन्हळीच्या आत, त्याच कोपऱ्याला, जांभळट-निळी छटा दिसली.

पोटात गोळा आला. पोलादाचं पाणी, म्हणजे त्याचा कडकपणा, उतरलं होतं. कार्बन पोलादाच्या पटाश्या पाणी दिल्यानंतर, म्हणजे लाल तापवून एकदम थंड केल्यानंतर, साधारण १८० ते २३० अंश सेल्सिअसला पुन्हा तापवून योग्य कडकपणावर आणलेल्या असतात. त्याहून जास्त तापल्या की मऊ पडतात. पोलादावर गवतासारखा पिवळा रंग साधारण २२० ते २४० अंशांना येतो, निळा ३०० च्या आसपास. निळा दिसला म्हणजे मऊपणा आलाच. आणि पॉलिशच्या चाकाचा सगळ्यात घातक गुण हा, की तो रंग म्हणजे पोलादावरचा अतिशय पातळ ऑक्साइडचा थर असतो आणि चाक तो लगेच पुसून टाकतं. दगडी ग्राइंडरवर जळलेली धार बाहेरून दिसते. पॉलिशच्या चाकावर जळलेली धार बाहेरून चकाकते. पुरावा फक्त आतल्या बाजूला, जिथे चाक पोचत नाही, तिथे उरतो. तेव्हापासून मी नवीन चाकावर हत्यार धरलं की आधी त्याची मागची बाजू बघतो.

उष्णता किती येत होती त्याचा साधा हिशेब केला. २०० मिलिमीटरचं चाक १४४० फेऱ्यांनी फिरतं तेव्हा त्याची कड सेकंदाला १५ मीटर पळते. हत्याराला एक किलो वजनाइतकी, म्हणजे जवळपास १० न्यूटन ओढ बसत असेल, तर १५० वॉट उष्णता तयार होते. तारा जोडायच्या साध्या सोल्डरिंग आयर्नपेक्षा कितीतरी जास्त. त्यातली सगळी पोलादात जात नाही, हे खरं. पण गोल पटाशीचा कोपरा कागदासारखा पातळ असतो. आलेली उष्णता मागे वाहून न्यायला तिथे धातूच नसतो.

दुसरं चाक

दोष तीन होते आणि तिन्ही एकमेकांत गुंतलेले होते: चामडं जाड आणि मऊ, वेग जास्त, हाताला आधार नाही. एकेक सुधारून बघण्याऐवजी मी यंत्रच नव्याने मांडलं.

मोटर खाली ठेवली. वर दोन पिलो ब्लॉक बेअरिंगांमध्ये (पाया असलेल्या, फळीवर बोल्टने बसवायच्या बेअरिंगांमध्ये) २० मिलिमीटरचा शाफ्ट बसवला. मोटरवर ५० मिलिमीटरची पुली, शाफ्टवर १५० ची. फेऱ्या १४४० वरून ४८० वर आल्या आणि कडेचा वेग सेकंदाला ५ मीटर. तेवढ्याच ओढीला आता १५० ऐवजी ५० वॉट. वेग कमी केला म्हणून चाक दुबळं होत नाही, हे मात्र लक्षात ठेवावं लागतं. वेग एक तृतीयांश झाला की चाकाची ओढायची ताकद तिप्पट होते आणि हत्यार अडकलं तर ते मोटरला सहज थांबू देत नाही. म्हणून बेल्ट मी मुद्दाम जरा ढिला ठेवला आहे. काही अडकलं तर बेल्ट घसरतो.

चामडं बदललं. झाडाच्या सालीत कमावलेलं, २ मिलिमीटरचं, टणक. या वेळी गुळगुळीत बाजू बाहेर ठेवली आणि तिच्यावर बारीक सँडपेपर हलकाच फिरवला, म्हणजे पॉलिश धरून राहतं. चिकटवताना सांध्यावर मी सगळ्यात जास्त वेळ दिला. दोन्ही टोकं चाकूने तिरकी उतरवून एकावर एक बसवली. वरच्या टोकाची जीभ फिरण्याच्या उलट दिशेला आली पाहिजे. हत्याराने त्या जिभेवरून चालत जाऊन तिच्या टोकावरून उतरायचं असतं, टोकाला अडायचं नसतं. पहिल्या खेपेला मी ती उलटी चिकटवली होती आणि चाक फिरताना टक-टक आवाज यायचा. गोंद वाळेपर्यंत सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून चाकाभोवती गुंडाळून ठेवली. चामड्याखाली एकही पोकळ जागा राहिली तर तिथे पुन्हा तीच उशी तयार होते.

पन्हळीसाठी चामडं नकोच असं ठरवलं. शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला नुसत्या एमडीएफची दोन चाकं लावली, एक रुंद, एक अरुंद, दोन्हींची कड गोल केलेली. एमडीएफला रेषा नसतात, त्यामुळे ते चहूबाजूंनी सारखं झिजतं आणि जो आकार द्यावा तो धरतं. आकार त्याच शाफ्टवर फिरत असताना, आडव्या लाकडी आधारावर खरवडणी टेकवून दिला, म्हणजे चाक आपोआप केंद्रात येतं आणि थरथर राहत नाही. यात एक गंमत कळली: चाक वर आपल्यापासून लांब पळतं, म्हणजे आपल्या बाजूला ते खालून वर येतं. खरवडणीला ते वरून खाली यायला हवं, म्हणून आकार देताना यंत्राच्या पलीकडच्या बाजूला उभं राहावं लागतं. एमडीएफची धूळ फार बारीक असते आणि त्यात रेझिनही असतं, तेव्हा मास्क लावल्याशिवाय हे काम करू नये. आकार झाल्यावर दोन थेंब मशीनचं तेल चोळलं आणि मग वडी लावली. तेलाशिवाय वडीचे नुसते ढेकूळ चिकटत होते.

शेवटी हाताचा आधार. चाकाच्या अलीकडे एक लाकडी दांडी, डाव्या हाताची बोटं टेकायला. चाकाच्या बाजूच्या आच्छादनावर मी खडूने रेघ मारली, पटाशी नेहमी त्या रेघेसमोर टेकायची. आधी उताराची टाच टेकवायची, मग मूठ हळूहळू उचलत जायचं आणि धारेपाशी पॉलिशचा काळसर ओलावा दिसला की थांबायचं. मूठ आणखी उचलायची नाही.

काय झालं

खराब झालेल्या पटाश्या परत दगडावर न्याव्या लागल्या. ती पांढरी रेघ जाईपर्यंत प्रत्येकीला घासलं, त्यात सगळी दुपार गेली. निळा कोपरा असलेल्या ६ मिलिमीटरच्या पटाशीचा पुढचा दीड मिलिमीटर भाग पाण्यात बुडवत-बुडवत काढून टाकला आणि तिला नव्याने उतार दिला. मग नव्या चाकावर, बाहेरून तीन सेकंद आणि आतून दोन. मार्करची परीक्षा पुन्हा घेतली. उतारावरची शाई धारेपर्यंत गेली, पन्हळीतली तशीच राहिली. आडव्या खाचेत लव नाही, पट्टे नाहीत. मुलीने खाचेवरून अंगठा फिरवला आणि काही न बोलता पुढची खाच मारायला घेतली.

आता ती पंधरावीस मिनिटांनी उठते, पटाशी दोनतीन सेकंद टेकवते आणि परत येते. सांगावं लागत नाही. नियम थोडेच आहेत, पण त्यांत सूट नाही: चष्मा लावायचा, हातमोजे घालायचे नाहीत, केस आणि बाह्या बांधायच्या, चाकाच्या समोर दुसऱ्या कुणी उभं राहायचं नाही. हत्यार टेकवून बोटाला गरम लागलं तर उशीर झालेला असतो, म्हणून सेकंद मनात मोजायचे. वडी थोडी लावायची. चामडं काळं, काचेसारखं झालं की पॉलिश जास्त झालं आहे, तेव्हा कडक ब्रशने खरवडायचं. आणि चारपाच वेळा टेकवूनही पटाशी पहिल्यासारखी कापत नसेल तर चाकाशी झगडायचं नाही, दगडाकडे जायचं.

रंध्याचं पातं आणि सपाट पटाश्या मी या चाकावर धरत नाही. त्यांची पाठ अगदी सपाट असावी लागते आणि चाकाने ती एकदा गोल केली की सरळ करायला तासन्तास जातात. त्यांच्यासाठी जुनी चामड्याची पट्टी आहे तिथेच आहे.

इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराची पटाशी मात्र अजून सुटलेली नाही. तिच्या आतल्या कोनासाठी मी ६० अंशांच्या टोकाचं एमडीएफचं अरुंद चाक केलं. पहिल्या दिवशी ते सुरेख चाललं. पण टोकाला जेमतेम दीड मिलिमीटर जाडी, ते लवकर झिजून बोथट झालं आणि बोथट चाकाने व्हीच्या बुडाशी, दोन बाजू मिळतात तिथे, धारेत बारीकसा खळगा पडायला लागला. सध्या टणक लाकडाच्या तुकड्यातून तेच टोक करून बघतो आहे, आणि तोपर्यंत ती पटाशी हातानेच, कोनात तासलेल्या काडीवर पॉलिश लावून ओढतो.